कॅलेंडरवरचा खाडा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी खिळ्याला एक कॅलेंडर टांगलेलं असतं. तुमच्याकडेही असेलच. दुधाचा हिशेब, सिलिंडर कधी लावला ती तारीख, उपासतापास, लग्नाच्या तिथी, सगळं त्यावर. मनमाडकरणींच्या कॅलेंडरवर आणखी एक खूण असायची, नळाला पाणी आल्याची. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी यायचं, अशी कितीतरी वर्षं या गावाने काढली आहेत. आणि शेवटची खूण म्हणजे धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या खाड्याचा गोल. महिना संपला की गोल मोजायचे, तेवढ्या दिवसांचे पैसे वजा करायचे. माझ्या सासूबाई करायच्या, मीही करत आले. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

त्यातल्याच एका गोलाची ही गोष्ट. तो गोल होता ८ मार्चचा!

तीन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाने ठरवलं, की या महिला दिनाला रांगोळी आणि पाककृती स्पर्धा पुरे झाल्या. आपल्या गावातल्या कष्टकरी बायकांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवू. कल्पना माझीच. एका होतकरू फोटोग्राफरला घेऊन आम्ही पंधरा दिवस गावभर फिरलो. कांद्याच्या खळ्यावर उन्हात कांदा निवडणाऱ्या बायका, वीटभट्टीवरच्या, रस्त्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या, रात्री साड्यांना फॉल लावणाऱ्या. तीसेक फोटो झाले. माझ्या घरच्या मावशींचाही एक काढला. मागच्या मोरीत उकिडव्या बसलेल्या, पदर खोचलेला, समोर भांड्यांचा ढीग, कपाळावर घाम. "फोटो काढतोय हं मावशी," एवढंच म्हटलं. त्याही "काढा की," म्हणाल्या. हात राखेने भरलेले असताना दुसरं काय म्हणणार?

कार्यक्रम छान झाला. शाळेचं सभागृह भरलं होतं. 'श्रमाला प्रतिष्ठा' या विषयावर मी वीस मिनिटं बोलले, टाळ्याही पडल्या. मावशींना पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ दिलं. त्यांच्या फोटोसमोर बायका थांबून म्हणत होत्या, "किती जिवंत आलाय गं!" मावशी मात्र त्या फोटोसमोर एकदाच गेल्या आणि लगेच परत येऊन खुर्चीत बसल्या.

महिनाअखेरीला मी हिशेब करून पैसे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी मोजले, पुन्हा मोजले.

"वहिनी, पन्नास कमी हायेत."

मी कॅलेंडर दाखवलं. "हा बघा ना, आठ तारखेचा खाडा."

मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या दिशी म्या तुमच्याच कार्यक्रमाला आले व्हते ना?"

मैत्रिणींनो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषण ठोकून घरी आल्यावर मीच हाताने तो गोल काढला होता. "अगं बाई, चुकून झालं," म्हणत मी पन्नासाची नोट पुढे केली. पण ते चुकून झालेलं नव्हतं. ती सवय होती. बाकीच्या पाच घरांनीही त्या दिवसाचा खाडा धरलाच होता, हे मला नंतर समजलं. म्हणजे आमच्या शालीची किंमत मावशींनी स्वतःच्या पगारातून भरली होती.

हा विषय मनात सलत होताच. त्यात दिवाळीला माझी पुतणी आली. ती मुंबईला चित्रकला शिकते. फराळ करता करता तिने मला मोबाईलवर सांतियागो सिएरा नावाच्या एका स्पॅनिश कलावंताची कामं दाखवली. त्याने १९९९ साली क्यूबा देशातल्या हवाना शहरात सहा बेकार तरुणांना प्रत्येकी तीस डॉलर दिले, त्यांना उघड्या पाठीने एका ओळीत उभं केलं आणि सहाही पाठींवरून एक सरळ, अडीच मीटर लांबीची रेघ गोंदवून घेतली. चित्र नाही, नाव नाही, नुसती रेघ! २००० साली बर्लिनमध्ये त्याने निर्वासितांना पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसवून ठेवलं. आश्रय मागणाऱ्या त्या माणसांना कायद्याने काम करायची परवानगी नव्हती, म्हणून कामाच्या नावातच लिहिलं होतं, की या कामगारांना पैसे देता येत नाहीत. आणि तिसरं काम तर आपल्याच देशातलं. सुलभ इंटरनॅशनलच्या माणसांकडून त्याने वाळवलेल्या मानवी मैल्याच्या एकवीस मोठ्या लाद्या करून घेतल्या आणि २००७ साली लंडनच्या एका नामांकित कलादालनात मांडल्या. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एका जातीच्या माणसांनी जे डोक्यावरून वाहिलं, ते तिथल्या सुटाबुटातल्या लोकांसमोर नेऊन ठेवलं.

मी संतापलेच. "याला कला म्हणतात? गरिबाच्या पाठीवर रेघ ओढायची आणि नाव स्वतःचं करायचं?"

पुतणी शांतपणे म्हणाली, "काकू, खूप लोक हेच म्हणतात. पण तो एक गोष्ट लपवत नाही. किती पैसे दिले, ते तो सरळ लिहितो. तुम्ही प्रदर्शनाच्या फोटोंखाली काय लिहिलं होतं?"

आम्ही लिहिलं होतं, 'राबणारे हात'.

मावशींचा फोटो फ्रेम करून मी कपाटावर ठेवला होता. पुतणीने तो खाली घेतला आणि निरखून पाहत विचारलं, "काकू, हा कप कुणाचा?"

मोरीच्या कट्ट्यावर, फोटोच्या एका कोपऱ्यात, कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला होता. मावशींचा चहाचा कप. वेगळा. इतकी वर्षं तो तिथेच असायचा. तीसेक फोटो निवडताना, मोठे करताना, भिंतीवर लावताना तो माझ्या डोळ्यांना एकदाही दिसला नव्हता.

पुढच्या बैठकीत मी मंडळात सिएराच्या रेघेची गोष्ट सांगितली. मला वाटलं, सगळ्या जणी माझ्यासारख्याच चिडतील. तसं झालं नाही. एक आजी म्हणाल्या, "गोंदण तर चितेपर्यंत जात न्हाई. आमच्या येळी गोंदताना रडायचो, पर ते आपलं व्हतं, देवाघरी संगं यायचं. ह्या पोरांच्या संगं काय जाईल, त्या बाबाची रेघ?" बचत गटातली एक जण मात्र हिशेब करत होती. तीस डॉलर म्हणजे त्या वेळचे किती? साधारण तेराशे रुपये, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा तेराशे मिळत असते तर मी पाठ काय, हात पण दिला असता. तेवढ्यासाठी मी महिनाभर विटा वाहिल्यात, आणि त्याने पाठीचं काय झालं ते बघायला कुणी आलं नाही."

सगळ्या गप्प झाल्या. सिएराला बहुधा हीच शांतता हवी असते. तो जगाला सांगतो, की बघा, पैशाच्या जोरावर माणसाकडून काहीही करून घेता येतं, मी आत्ता तुमच्यासमोर करून दाखवलं. त्याचं म्हणणं खरं आहे. तरीही ज्याच्या पाठीवर रेघ राहिली तो घरी गेला, आणि ज्याने रेघ ओढवली त्याचं नाव झालं. हेही तितकंच खरं!

मला बी. ए.ला अभ्यासलेलं तेंडुलकरांचं 'कमला' आठवलं. एका इंग्रजी दैनिकाच्या पत्रकाराने १९८१ साली, बायकांची खरेदी-विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी खरोखरच एक बाई विकत घेतली होती. त्यावरून तेंडुलकरांनी हे नाटक लिहिलं. नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव कमलाला विकत आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो आणि नाव कमावतो. कमलाचं पुढे काय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण सगळ्यात मोठा धक्का घरातच बसतो. कमला त्याच्या बायकोला, सरिताला, निरागसपणे विचारते, की तुला कितीला विकत घेतलं? परीक्षेसाठी त्या प्रसंगाचं रसग्रहण मी पाठ केलं होतं. दहापैकी आठ गुण मिळाले होते. पण सरिताच्या जागी मी स्वतःला ठेवून बघितलं होतं, जयसिंगच्या जागी कधीच नाही. तो मला बाहेरचा, पुरुष, पत्रकार वाटायचा. मोरीतल्या बाईचा फोटो काढून टाळ्या घेणारी बाईसुद्धा जयसिंग असू शकते, हे रसग्रहणात नव्हतं.

खरं तर हे मनमाडच्या बाईला तरी कुणी शिकवायला नको. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी आपल्याच गावात जी. आय. पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली होती आणि अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी इथे सांगितलं. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसं नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सगळ्याच वर्गांत शिरलेली आहे, हेही स्पष्ट केलं. त्या भाषणातला एक तपशील मी या निमित्ताने पुन्हा वाचला आणि तिथेच थांबले. दलित कामगाराला रेल्वेत गँगमन म्हणून रुळांवर राबवून घेत, पण साधी पोर्टरची नोकरीही सहसा देत नसत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करावी लागत, आणि तिथे शिवाशिव आडवी येई. म्हणजे माणसाची भाकरी कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडत होती. या गोष्टीला ८५ वर्षांहून जास्त काळ लोटला. मी मोरीतल्या कान तुटलेल्या कपाकडे बघितलं. उंबरा थोडा मागे सरकला होता, इतकंच.

मग कष्ट करणाऱ्यांची चित्रं काढूच नयेत का? फोटो घेऊच नयेत? तसं मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्रातच हे काम वेगळ्या रीतीने करणारे आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची काळी-पांढरी छायाचित्रं काढली. गटारात छातीपर्यंत उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस. बघवत नाहीत. पण ते एकदा फोटो काढून निघून गेले नाहीत, वर्षानुवर्षं त्या वस्त्यांत, त्या घरांत जात राहिले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरे प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यातलं सास्ती हे त्यांचं गाव, कोळसा खाणीचं. घरातल्या पिढ्या खाणीत राबलेल्या. ते चित्रं काढतात तीही बहुतेक कोळशाने, कधी कधी थेट भिंतीवर. त्यांच्या चित्रातल्या माणसांना अनेकदा डोकंच नसतं, डोक्याच्या जागी दिवा किंवा एखादं अवजार असतं. खाण माणसाचं काय करते, ते समजवायला आणखी भाषण लागत नाही. २०२१ साली वेल्समधला 'आर्टेस मुंडी' हा मोठा पुरस्कार सहा कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यांत पाचपुते होते. वेल्स हाही कोळसा खाणींचाच मुलूख. सास्तीचं दुःख तिथल्या माणसाला उलगडून सांगावं लागलं नसेल.

या सगळ्यावरून मी माझ्यापुरता एक धडा काढला. कष्टाचं चित्र काढणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. ज्याचं चित्र, त्याला विचारलं का? त्याचा जो वेळ गेला त्याचे पैसे कुणी भरले? आणि चित्राखाली काय लिहायचं, हे कुणी ठरवलं? आमच्या प्रदर्शनाला तिन्ही प्रश्नांत शून्य गुण होते. सिएरालाही मी नापासच करते, पण दुसऱ्या प्रश्नात तो माझ्यापेक्षा पुढे होता, हे कबूल करायला हवं.

पुढच्या ८ मार्चला आम्ही पुन्हा प्रदर्शन भरवलं. या वेळी शाली, हारतुरे आणि प्रमुख पाहुण्यांचा खर्च काढून टाकला. त्या पैशांतून येणाऱ्या प्रत्येकीला पूर्ण दिवसाची मजुरी दिली. फोटो कुठला लावायचा ते तिने ठरवायचं, आणि खाली काय लिहायचं ते तिने सांगायचं, आम्ही फक्त अक्षर काढायचं.

आमचा अंदाज पुरता चुकला. एकीनेही काम करतानाचा फोटो निवडला नाही. कुणी मुलीच्या पदवीदान समारंभातला आणला, कुणी वणीच्या गडावरचा. मावशींनी भाच्याच्या लग्नातला आणला. जरीची साडी, हातात पर्स, डोळ्यांवर दुसऱ्या कुणाचा तरी काळा चष्मा! मला हसू आलं, मग लाज वाटली. त्यांना आपण अशाच आवडतो, त्यात हसण्यासारखं काय होतं?

"आणि खाली काय लिहू?"

मावशींनी बसकण मारली आणि सांगायला सुरुवात केली. "लिहा. सहा घरं. पहाटं पाचला उठते. पहिलं घर, भांडी-फरशी, हजार रुपये, दिवाळीला साडी. दुसरं घर, धुणं-भांडी-फरशी, अठराशे, म्हैन्याला दोन सुट्ट्या. तिसरं घर, धुणं-भांडी-फरशी, पंधराशे, सुट्टी न्हाई, खाडा कापतात..."

तिसरं घर माझं होतं. माझ्याच अक्षरात मी ते लिहिलं.

मावशींनी एकाही घराचं नाव घेतलं नाही. पण आमची गल्ली केवढीशी! त्या दिवशी त्या फोटोसमोर "किती जिवंत आलाय" असं कुणी म्हटलं नाही. बायका खालचा कागद वाचत होत्या आणि मनातल्या मनात हिशेब करत होत्या. आपलं घर कितवं? शेजारीण किती देते? दोघी-तिघी तर न बोलताच निघून गेल्या. एक जण मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे असं चव्हाट्यावर मांडायची काय गरज होती?" तिने पुढे मंडळ सोडलं. तेव्हा मला वाटलं, जगातल्या मोठमोठ्या कलादालनांत जे घडवायला कलावंत धडपडतात, ते आमच्या शाळेच्या सभागृहात सातवी शिकलेल्या मावशींनी एका कागदावर घडवलं. सिएरा गरिबाची किंमत लिहितो. मावशींनी आमची लिहिली.

परिणाम काय झाला, तेही सांगते, गोड-कडू दोन्ही. चार घरांनी महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या कबूल केल्या. मी तीनशे रुपये वाढवले. आमच्या मोरीतला तो कप टाकून दिला. पुढचे कितीतरी दिवस मावशी सवयीने तोच शोधायच्या आणि घरातल्या कपात चहा घेताना अवघडायच्या. कप एका मिनिटात फेकता आला, अवघडलेपण जायला वर्ष लागलं. आणि एका घराने मावशींना कामावरून काढून टाकलं. दुसरं घर मिळायला दीड महिना गेला. त्या दीड महिन्याची भरपाई करावी, असा विषय मी मंडळात काढला होता. चर्चा झाली, चहा झाला, ठराव झाला नाही. मी माझ्या परीने थोडे दिले, ते पुरेसे नव्हते.

"मावशी, आमच्यामुळे तुमचं घर गेलं," असं मी एकदा म्हटलं.

"तुमच्यामुळं कशाला?" मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या. "लिहून म्या घेतलं. पैल्या सालचा फोटो तुमचा व्हता. ह्यो माझा व्हता."

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. नोंदणीचे अर्ज आम्ही भरून देतो, तुमच्याही गावात भरून द्या. पण पगार किती, सुट्टी किती, चहा कुठल्या कपात, हे आजही तुमच्या-माझ्या उंबऱ्याच्या आतच ठरतं. तिथे कुणी तपासायला येत नाही. म्हणून एकच विनंती. येत्या ८ मार्चला कुणाचाही सत्कार करण्याआधी आपापल्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर एकदा नीट बघा. त्या तारखेवर गोल आहे का?

आमच्या कॅलेंडरवर या महिन्यात दोन गोल आहेत. मावशींच्या सुनेचं बाळंतपण होतं. त्यांचे पैसे आता मी कापत नाही. पण सवय मेली नाही अजून. महिनाअखेरीला पेन हातात घेतलं, की बोट आपसूक त्या गोलांवर जातं आणि मोजायला लागतं.